हात लावायचा नाही

माणूस गेला की त्याचे किस्से वाढायला लागतात. वाबळे मास्तरांचं तसंच झालंय. कुणाच्या लग्नात आमच्या शाळेचे दोन जुने विद्यार्थी एका पंगतीत शेजारी बसले, की जिलबी येईपर्यंत मास्तरांचे तीन किस्से होतात, आणि मास्तर जिथं कधी गेलेच नाहीत तिथंही ते जाऊन येतात. मी गप्प जेवतो. मनातून वाटत असतं, यातले निम्मे कुणीतरी रचलेत. माझा स्वभावच संशयी. दूध उतू गेलं तरी हे आधी विचारतील की घरात कोण आलं होतं, असं आमच्या घरून नेहमी म्हटलं जातं.

माझ्याजवळचे किस्से मात्र खरे आहेत, कारण ते मी त्या वेळीच लिहून ठेवले होते. हौस म्हणून नव्हे, हुकूम होता म्हणून!

बारामतीच्या इंग्रजी शाळेत मी तेव्हा चित्रकला आणि खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवायचो. वाबळे मास्तरांकडे इतिहास, ड्रिल आणि फुटबॉल. हा गडी जवळच्याच कन्हेरीचा, शेतकऱ्याचा मुलगा. पुण्याला शिकायला गेला, तिथं खडकीच्या गोऱ्या सोल्जरांबरोबर अनवाणी फुटबॉल खेळला, आणि परत येताना एक शिट्टी आणि नियमांचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन आला. शिट्टी सगळ्यांनी ऐकली. पुस्तक पुष्कळ दिवस कुणी बघितलं नव्हतं, आणि माझ्या संशयाची सुरुवात तिथूनच झाली.

* * *

पहिला चेंडू आला तेव्हा शाळेच्या मंडळाची खास बैठक बसली. अध्यक्ष रावजी आबा. ऊस, गुऱ्हाळं, स्वतःची मोटार. आबांना इंग्रजीतले दोनच शब्द येत, येस आणि नो. त्यातला दुसरा जास्त वापरात होता.

चेंडू टेबलावर ठेवला होता आणि सगळे सभासद टेबलापासून हातभर लांब बसले होते. आबांनी विचारलं, कशाचं हाय हे? कातड्याचं, मास्तर म्हणाले. कोणत्या जनावराच्या, हा प्रश्न मग सगळ्यांच्याच तोंडावर आला, पण विचारेना कुणी.

मास्तर शांतपणे म्हणाले, “आबा, या खेळात चेंडूला हात लावायचा नाही. नियमच तसा आहे. हात लागला की गुन्हा.”

“हात लावायचाच न्हाय?”

“नाही. जे काय करायचं ते पायानं.”

आबांचा चेहरा उजळला. “मग इंग्रज शाना हाय. त्येलाबी सोवळं कळतंय.”

फुटबॉल मंजूर झाला. त्याच बैठकीत क्रिकेटचाही अर्ज होता. तो चेंडू हाताने झेलावा लागतो असं निघालं, म्हणून क्रिकेट नामंजूर! डोक्याला लागला तर चालतं का, हे विचारायचं सगळेच विसरले.

शेवटी मास्तरांनी हळूच सांगितलं, की एका खेळाडूला मात्र हात लावावाच लागतो. त्याला गोलकीपर म्हणतात. सभासदांनी विचार केला आणि एकमताने सखाचं नाव काढलं. सखा म्हणजे जोडे शिवणाऱ्या भिवाचा मुलगा. कातड्याचं काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्याचं, तेव्हा त्याच्या हाताला काय होणार, असा हिशेब. मास्तर ‘ठीक आहे’ म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली. ती मान नम्रपणाने खाली गेली की हसू लपवायला, हे मला कळलं नाही.

हेडमास्तरांनाही कळलं नसावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावून दार लोटलं. वाबळ्यांवर लक्ष ठेवा, दर शनिवारी लिहून द्या. मध्ये पडायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. म्हणजे तोच नियम मलाही लागू झाला.

* * *

पहिला सामना इंदापूरच्या शाळेशी, आमच्याच मैदानावर. पाचव्या मिनिटाला चेंडू रेषेबाहेर गेला. मास्तरांनी सांगितलं, आता तो दोन्ही हातांनी उचलून, डोक्यावरून आत टाकायचा.

सगळा खेळ थांबला. पोरं एकमेकांकडे बघतायत, आणि रेषेबाहेर उभे असलेले बाप पोरांकडे. बैठकीत हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना? शेवटी सखाच गोल सोडून पळत आला, चेंडू आत टाकला आणि पळत परत गेला. पुढच्या वेळीही तोच आला, आणि त्याच्या पुढच्या वेळीही.

इंदापूरची पोरं बेरकी. त्यांच्या लक्षात आलं, की चेंडू बाहेर घालवला की बारामतीचा गोल रिकामा होतो. मग काय! बाहेर घालवायचा, सखाने टाकला की हिसकावायचा, आणि तो परत पोचायच्या आत रिकाम्या गोलात मारायचा. पाच गोल झाले.

शेवटाला चेंडू पुन्हा बाहेर गेला, तो नेमका आमच्या संघातल्या जोशीबुवांच्या मुलाच्या पायाशी. सखा धापा टाकत अजून अर्ध्या वाटेत. पोरगं चेंडूकडे बघत उभं. जोशीबुवा गावात भिक्षुकी करायचे, आणि हा म्लेंच्छांचा खेळ आहे असं त्यांनीच सकाळी देवळात सांगितलं होतं. त्यांच्याने राहवेना.

“अरे बघतोस काय बावळटा, टाक की हाताने! संध्याकाळी अंघोळ आहेच!”

पोराने टाकला. त्या दिवसापासून आमच्या संघात कुणीही हाताने चेंडू टाकू लागलं. मी अहवालात लिहिलं, की हा नियम वाबळे यांनी बैठकीत सांगितला नव्हता. विसरले की मुद्दाम सांगितला नाही, हे समजत नाही.

* * *

सणसरचे एक तात्या दर गुरुवारी बाजाराला येत आणि परतताना मुलाचा खेळ बघायला मैदानावर थांबत. एक दिवस ते मला बाजूला घेऊन गेले. इकडेतिकडे बघून म्हणाले, की चार बाजार झाले, ते वाबळे मास्तरांचा कारभार बघतायत. मास्तर भर मैदानात ओरडतात, बाळूला पास दे, पुन्हा बाळूला पास दे. बाळू कोण? अध्यक्ष रावजी आबांचा नातू. आणि तात्यांच्या मुलाला आजवर एकही पास मिळालेला नाही. वार्षिक परीक्षेत तो नापास झालाय, आता याचा अर्थ काय समजायचा?

खरं सांगतो, मलाही त्यात तथ्य वाटलं. मी कपाट उघडून इतिहासाचे पेपर काढले. तात्यांचा मुलगा नापास होता, आणि बाळूही नापास होता. अध्यक्षांच्या नातवाला वाबळे मास्तरांनी चक्क दोन मार्कांनी घालवलं होतं! मी तात्यांना समजावलं, की हा पास वेगळा. म्हणजे चेंडू आपल्या गड्याकडे द्यायचा.

तात्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मान डोलावली. मग म्हणाले, “त्ये समदं खरं. पर माज्या पोराला डाव्या अंगाला कशापायी हुबं करता? तिकडं पास जातच न्हाय. उजवीकडं हुबं करा, म्हंजी पुढच्या साली तरी निघंल.”

* * *

दिवस कायदेभंगाचे. खादीची टोपी दिसली की फौजदाराची मान वळायची. वीस-पंचवीस पोरं एका शिट्टीवर धावतायत म्हटल्यावर सरकारला संशय येणारच. एक दिवस मैदानाच्या कडेला, मी रोज बसायचो त्या लिंबाखाली, छत्री घेतलेला एक माणूस येऊन बसला. मी गुळाचा दलाल आहे म्हणाला. पायात सरकारी बूट होते.

दोघेही वही काढून बसलो. थोड्या वेळाने तो कुजबुजला, “मास्तर, ‘विंग’ला पयली वेलांटी का दुसरी?”

मी पहिली म्हणून सांगितलं आणि त्याच्या वहीत डोकावलो. त्याने लिहिलं होतं, की ‘मास्तर मुलांस म्हणाले, डाव्या बगलेतून घुसा, बॅकला फोडा आणि गोळा मारा.’ मी म्हटलं, गोळा नाही हो, गोल. त्याने दुरुस्त केलं, पण मनाविरुद्ध.

पंधरा दिवसांनी तो घाबराघुबरा होऊन आला. वरून खलिता आला होता. आउटसाइड लेफ्ट आणि आउटसाइड राइट हे बाहेरगावचे दोन इसम कोण, बारामतीत कुणाकडे उतरतात, आणि हाफ-बॅक म्हणजे निम्मे परत आले असल्यास बाकीचे निम्मे कुठे आहेत, याचा खुलासा मागितला होता! तो खुलासा मीच बसून लिहून दिला.

त्याला माझे उपकार वाटले असावेत. उठताना त्याने मला विचारलं, “तुमी कुणाकडचं?”

मी म्हटलं, मी शाळेचा.

त्याने माझ्याकडे आणि माझ्या वहीकडे बराच वेळ बघितलं. “मीबी सुरवातीला असंच सांगायचो,” तो म्हणाला.

* * *

रविवारी वाबळे मास्तर मैदानावर नसत. आसपासच्या गावांतले लोक तंटे घेऊन त्यांच्याकडे येत आणि मास्तर त्यांच्याबरोबर जात. हा माणूस पगार नसलेलं काम एवढं का करतो? गुळाची एखादी ढेप नक्की घरी येत असणार. मी एकदा कन्हेरीला त्यांच्याबरोबर गेलो.

भांडण पाटाच्या पाण्याचं होतं. दोन चुलतभाऊ, धोंडिबा आणि त्याच्याहून धाकटा एक. मंगळवारची पाळी कुणाची यावरून दोन्हीकडची माणसं फावडी घेऊन समोरासमोर आली होती. मास्तरांनी खिशातून शिट्टी काढली आणि जोरात फुंकली. शिट्टी म्हणजे सरकार अशी खेड्यात समजूत. फावडी खाली आली. एका म्हाताऱ्याने तर पायातलं पायताणसुद्धा काढलं.

आमच्या भागात शपथेची एक जुनी रीत आहे. ज्याचं भांडण त्याच्यावर हात. भाकरीवरून वाद असेल तर भाकरीवर हात ठेवायचा, बैलावरून असेल तर बैलाच्या शिंगावर, आणि वर नरसिंहपूरच्या नरसिंहाचं नाव घ्यायचं. नीरा आणि भीमेच्या संगमावरचा तो देव फार कडक. आमच्या घरचंही कुलदैवत तेच, म्हणून मला ठाऊक आहे. खोटी शपथ घेणाऱ्याला तो त्याच जन्मात गाठतो असं लहानपणापासून ऐकत आलो.

मास्तरांनी दोघांना पाटात उतरवलं आणि पाण्यात हात घालून बोलायला सांगितलं. धोंडिबाने हात घातला, तोंड उघडलं, आणि हात बाहेर काढला.

“काय झालं रं?”

“पाणी लई गार हाय,” धोंडिबा म्हणाला.

वैशाखातली दुपार होती. काठावरचे लोक हसायला लागले, आणि मग धोंडिबाही हसला. मंगळवार धाकट्याला मिळाला.

ढेप मिळाली नाही. मी गाडीत बसेपर्यंत बघत होतो. परतताना मी मास्तरांना विचारलं, की धोंडिबाने बेधडक खोटी शपथ घेतली असती तर तुम्ही काय केलं असतं?

“खोटी शपथ घ्यायलाबी छाती लागती, कुलकर्णी मास्तर,” ते म्हणाले. “ज्याला त्यातनं काही मिळायचं असतं, त्याच्याकडं ती नसती.”

हे मी अहवालात लिहिलं नाही. का लिहिलं नाही, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

* * *

आता पाण्याचाच दुसरा किस्सा. शाळेत सखाला पाणी वरून ओतून मिळायचं. तो ओंजळ धरायचा आणि कुणीतरी तांब्यातून धार सोडायचं, तांब्या ओंजळीला लागणार नाही अशा बेताने. ओतणाऱ्यांत मीही होतो. लपवून काय उपयोग?

एका शनिवारी मास्तरांनी मैदानावर लिंबाखाली एक माठ ठेवला आणि त्यावर एकच जर्मन धातूचा मग. म्हणाले, नियम आहे. हाफ-टाइमला अकराही खेळाडूंनी एकाच भांड्यातून, एकाच मगातून पाणी प्यायचं. आधी गोलकीपरने, कारण तो एका जागी उभा असतो आणि त्याला ऊन जास्त लागतं. जो पिणार नाही तो पुढच्या अर्ध्यात बाहेर.

पोरं घुटमळली. सखा प्यायला. मग बाळूने मग घेतला. त्याला बाहेर बसायचं नव्हतं, एवढंच. तो प्यायला म्हटल्यावर बाकीच्यांनी घेतला.

मला तिथल्या तिथे वाटलं, की हा नियम इंग्रजाचा नाही, कन्हेरीचा आहे. मी पुस्तक बघायला मागितलं. मास्तर म्हणाले, घरी आहे. पुढच्या आठवड्यात म्हणाले, बांधायला दिलंय. मग म्हणाले, पुण्याच्या एका मित्राने नेलंय. एवढी कारणं तर सातवीतली पोरंसुद्धा देत नाहीत.

शेवटी मास्तर गावाला गेले असताना मी त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या आईकडे पुस्तक मागितलं. माऊलीने एका शब्दाने न विचारता कोनाड्यातून काढून दिलं. मी ते दुपारभर वाचलं. मैदान किती लांब, चेंडू किती जड, गोलकीपरने काय करावं, सगळं होतं. पाण्याचं नाव नव्हतं.

सोमवारी मी पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं. “मास्तर, यात पाण्याचा नियम नाही.”

त्यांनी पुस्तक उचललं, उलटं केलं आणि मागची बाजू मला दाखवली.

“शेवटचं पान फाटलंय,” ते म्हणाले.

खरंच फाटलं होतं. शिवणीत कागदाचा चिमूटभर तुकडा राहिला होता. ते पान कधी फाटलं, कुणी फाडलं आणि त्यावर काय होतं, हे मला आजतागायत माहीत नाही.

मी अहवाल लिहिला. एकच ओळ: ‘एका भांड्यातून पाणी पिण्याचा नियम पुस्तकात नाही.’ या ओळीने मास्तरांची नोकरी जाणार हे मला ठाऊक होतं. कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. शनिवारी द्यायचा, पण शुक्रवारीच हेडमास्तरांना हिवताप भरला, आणि शनिवारच्या सामन्याला संघाबरोबर इंदापूरला जायचं काम माझ्याकडे आलं. कागद खिशातच राहिला.

* * *

इंदापूरला सामना गढीखालच्या मैदानावर होता. पाहुणा म्हणून पाटबंधाऱ्यांचा गोरा इंजिनिअर आला होता. त्याचा मुक्काम जवळच्या बंगल्यात असायचा, आणि तरुणपणी तो स्वतः फुटबॉल खेळलेला होता. आमचे रावजी आबाही मोटार घेऊन आले. ते यापूर्वी कधी सामन्याला आले नव्हते. कुणीतरी बाजारात त्यांच्या कानात घातलं होतं, की तुमचा बाळू सखाचं उष्टं पाणी पितो.

पंच अर्धा वेळ त्यांचे मास्तर, अर्धा वेळ आमचे, असं ठरलेलं. पहिल्या अर्ध्यात एकेक गोल झाला. सखाने दोन गोल तर जमिनीवर आडवा पडून अडवले, आणि इंदापूरच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. हाफ-टाइम झाला. माठ आला. सखा प्यायला, त्याने मग बाळूला दिला, बाळूने तो तोंडाकडे नेला.

“बाळ्या, थांब,” मागून आबा म्हणाले.

बाळू मग हातात धरून तसाच उभा राहिला. आबा वाबळे मास्तरांसमोर आले. आवाज चढवला नाही.

“मास्तर, ह्यो नियम खेळाचा, का तुमचा?”

“खेळाचा.”

“खेळाचा असंल तर माजं काय म्हणनं न्हाय. इंग्रज करतूय त्ये आपल्याला करावं लागतंय. पर तुमचा असंल, तर सोमवारपासनं शाळंत येऊ नका. आन ह्ये पोरगंबी नगं.” सखाकडे न बघता त्यांनी नुसता हात केला. “सायब हितंच हाय. त्येला इचारू. तुमी न्हाय इचारायचं, कुलकर्णी मास्तर इचारतील. त्यांचा तुमच्यावर भरवसा न्हाय, म्हून माजा त्यांच्यावर हाय.”

मी साहेबाच्या खुर्चीपाशी गेलो. पोरंही मागोमाग आली. मी सरळ इंग्रजीत विचारलं. काही फिरवलं नाही, काही लपवलं नाही. साहेबाने तोंडातला पाइप काढला आणि सांगितलं, की शाळेत, कॉलेजात आणि त्यानंतर इतकी वर्षं आपण खेळलो, पण असलं काही आपल्या बघण्यात आलेलं नाही.

आबांना येस आणि नो कळत होतं. साहेबाच्या वाक्यात दोन्ही शब्द नव्हते. आबा माझ्याकडे बघू लागले.

पोरांना मात्र सगळं कळलं होतं. मॅट्रिकच्या वर्गातली पोरं, एवढं इंग्रजी त्यांना येणारच. बाळूला कळलं. पण त्याने हातातला मग सोडला नाही. सखा इंग्रजीत वर्गात पहिला, त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. त्याच्या हातात चेंडू होता. त्याने कुणाकडे बघितलं नाही. तो वाकला आणि चेंडू खाली ठेवायला लागला.

ते मला बघवलं नाही.

“साहेब म्हणतात, नियम आहे,” मी म्हणालो. “जुना नियम आहे.”

आबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माझ्याइतका संशयी माणूस बारामती तालुक्यात दुसरा कोण असेल तर ते आबा.

“मास्तर,” ते म्हणाले, “चार वर्सं झाली, त्या चेंडूला तुमी बोट लावल्यालं कुनी बघितलं न्हाय. पायाशी आला तर धोतर सावरून बाजूला व्हता. तवा असं करा. ज्याचं भांडण त्याच्यावर हात. ठेवा हात, आन घ्या नरसिंहाचं नाव.”

सखा अर्धवट वाकलेला होता. तो सरळ झाला आणि त्याने चेंडू माझ्यासमोर धरला.

मला भीती वाटली. कातड्याची वाटली आणि देवाचीही वाटली. देवाची जास्त. वाबळे मास्तर चार पावलांवर उभे होते. मी हात ठेवला. चेंडू ओलसर होता आणि उन्हाने गरम झाला होता. बोटाखाली, उसवलेल्या जागी भिवाने घातलेली शिवण लागली. मी नरसिंहाचं नाव घेतलं आणि म्हणालो, “नियम आहे.”

त्यानंतर मी कितीदा तरी नरसिंहपूरला गेलो. गाभाऱ्यात मान वर करून बघायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

आबा म्हणाले, “पी रं बाळ्या,” आणि मोटारीकडे वळले. बाळू प्यायला आणि त्याने मग पुढच्याला दिला. साहेबाने पाइप तोंडात घातला, मागे उभ्या असलेल्या शिपायाकडे वळला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, “सदाशिव, खुर्ची जरा सावलीत घे.”

हाताला चिखल लागला होता. रुमालासाठी मी खिसा चाचपला, तर घडी घातलेला कागद हाताला लागला. त्यालाच हात पुसले.

पुढचा अर्धा वेळ आमच्या मास्तरांचा. पण तो सुरू व्हायला अजून अवकाश होता. पोरं पाणी पीत होती आणि चेंडू सखाच्या काखेत होता. वाबळे मास्तर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी शिट्टी तोंडात धरली, माझ्याकडे बोट केलं, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ती फुंकली.

“कुलकर्णी मास्तर,” ते म्हणाले, “हँड!”